वळकटीला पाणी

गेल्या महिन्यात कल्याणला बियाणे विक्रेत्यांच्या मेळाव्यात माझा सत्कार झाला. शाल, नारळ आणि काचेचं एक स्मृतिचिन्ह मिळालं. त्याचं आता काय करायचं हे घरात कोणालाच सुचत नाही. निवेदन करणाऱ्या बाई म्हणाल्या, "गिऱ्हाइकासमोर उगवण मोजून दाखवायची आणि मगच बियाणं विकायचं, ही पद्धत यांनी शहापूर तालुक्यात रुजवली." टाळ्या वाजल्या. खरं तर मी माइक हातात घेऊन सांगायला हवं होतं की बाई, ही पद्धत माझी नाही. ज्याची होती त्याचं दुकान मी बुडवलं. पण मी "धन्यवाद" म्हणालो, शाल नीट घडी करून खांद्यावर घेतली आणि जागेवर जाऊन बसलो.

ती पद्धत रघूनानांची. आडनाव लिहीत नाही, अर्धा तालुका ओळखेल.

शहापूरच्या बाजारपेठेत माझ्या दुकानासमोर नानांचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन फळ्या आणि एक बाकडं. आत भाताचं बियाणं, विळे, कोयत्या, दोरखंड, घमेली. नाना बाकड्यावर बसलेले. चष्म्याची एक काडी तुटलेली म्हणून तिथे सुतळी बांधलेली, ती कानावरून मागे गुंडाळलेली. मुलाने नवीन चष्मा आणून दिला होता. तो नाना लग्नाकार्यात लावायचे. "दुकानात जुनाच बरा," म्हणायचे, "नव्यातून सगळंच चांगलं दिसतं."

दुकानाच्या तुळईला एक खिळा होता आणि वैशाखात त्या खिळ्याला गोणपाटाची एक ओली वळकटी लटकलेली असायची. नवीन बियाणं आलं की नाना त्यातल्या एका पोत्यात कोपरापर्यंत हात घालत, तळातले दाणे काढत. एक दाणा दाताखाली धरून चावत. कट्ट असा आवाज आला तर मान हलवत, नाही आला तर गाडीवाल्याला म्हणत, "उचल." दाताच्या परीक्षेत पास झालेल्या पोत्यातले शंभर दाणे ते ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडत, गोणपाट गुंडाळत आणि खिळ्याला टांगत. सकाळ-संध्याकाळ तांब्याने पाणी शिंपडायचं. सातव्या दिवशी, बाजाराला, ती वळकटी लोकांसमोर सोडायची आणि किती दाण्यांना कोंब आले ते मोजायचं. मोजायला नाना बायकांना बसवत. "पुरुष पन्नासपत्तूर मोजतो आनि बिडी ओढाया जातो," असं त्यांचं म्हणणं होतं. जो आकडा येईल तो खडूने फळीवर लिहायचा. ब्याण्णव आला तर ब्याण्णव, एक्याऐंशी आला तर एक्याऐंशी. तो आकडा लागेपर्यंत विक्री नाही.

आपल्या मालाला नानांनी कधी चांगलं म्हटल्याचं मी ऐकलं नाही. कोणी विचारलंच, "नाना, कोलम कसं हाय यंदा?" तर उत्तर ठरलेलं. "मी सांगतो म्हनून नको नेऊ. बघून ने."

मी मूळचा मुरबाडकडचा. शेतीची पदविका घेतली, दोन वर्षं एका कंपनीची पोती विकत तालुकाभर हिंडलो आणि नानांच्या बरोबर समोर गाळा घेतला. काचेचं दार, चकचकीत फलक, पंखे दोन. उद्घाटनाला नानांना बोलवायला गेलो ते जरा छाती काढूनच. नाना आले, नारळ फोडून दिला, पेढा खाल्ला आणि चहूकडे बघून म्हणाले, "मुरबाडकर, तुझा खिळा कुठं हाय?"

"कसला खिळा?"

"वळकटीचा रे."

आणि त्यांनी काखेतून धुवून घडी केलेलं एक गोणपाट काढून माझ्या हातात दिलं. लोकांनी घड्याळं दिली, तसबिरी दिल्या, नानांनी गोणपाट. माझी मित्रमंडळी हसली. मीही हसलो. दुसऱ्या दिवशी ते गोणपाट मी दाराशी पायपुसणं म्हणून टाकलं. त्यानंतर नाना जेव्हा केव्हा माझ्या दुकानात आले, तेव्हा त्या गोणपाटावर पाय न देता कडेने आले. मला वाटायचं, म्हाताऱ्याच्या गुडघ्यांचं काहीतरी असेल.

धंद्यात नाना मला अजिबात कळत नसत. गिऱ्हाईक आलं की हा माणूस आधी त्याची उलटतपासणी घ्यायचा. खाचर केवढं, पाणी कुठवर राहतं, आवणीला, म्हणजे रोपं लावायला, माणसं किती. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची पारूबाई एकदा गरवं भात मागायला आली. गरवं म्हणजे उशिरा तयार होणारं, दिवाळीपर्यंत खाचरात ओल मागणारं. शेजारणीने नेलं म्हणून हिलाही तेच हवं होतं.

"तुझं शेत माळावर," नाना म्हणाले. "तुला हळवं पायजे. गरवं देनार नाय."

"मी काय फुकट मागतंय?"

"फुकट मागितलं असतंस तरी दिलं नसतं."

पारूबाई तणतणत रस्ता ओलांडून माझ्याकडे आली. मी तिला बसायला खुर्ची दिली, थंड पाणी दिलं आणि पाहिजे तेवढं गरवं भात दिलं. वर तिला म्हणालोही, "मावशी, गिऱ्हाइकाला नाही म्हणणारा दुकानदार काय कामाचा?" त्या वर्षी पाऊस लवकर हटला आणि तिचं भात कणसं बाहेर पडायच्या आधी पोटरीतच वाळलं. पुढच्या वैशाखात पारूबाई आली ती माझ्या दुकानाकडे न बघता नानांच्या बाकड्यावर जाऊन बसली. नानांनी मागचं काहीही काढलं नाही. गोणपाट सोडून तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मोज गो." तेव्हापासून वळकटी मोजायचा मान पारूबाईचा.

हे असं दर वर्षी चालायचं. माझ्याकडे पंखे दोन आणि गर्दी त्यांच्याकडे. मी पोत्यामागे टोपी देऊन बघितली, छत्री देऊन बघितली. टोप्या घालून माणसं नानांच्या वळकटीची मोजणी बघायला उभी राहायची.

अकरा वर्षांपूर्वी आमच्या कंपनीने योजना काढली. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत ज्याची विक्री सर्वांत जास्त, त्याला जोडीने थायलंडची सहल. माझी बायको तोवर महाबळेश्वरच्या पुढे गेलेली नव्हती. मी तिला सांगून बसलो की यंदा विमानात बसवतो. नंतर वाटलं, सांगायला नको होतं. पण बायकोचं नाव पुढे करण्यात अर्थ नाही. मलाच जिंकायचं होतं, आणि समोर बाकड्यावर बसलेल्या त्या सुतळीच्या चष्म्याला एकदा तरी हरवायचं होतं.

त्याच आठवड्यात नाना रस्ता ओलांडून आले. नेहमीप्रमाणे गोणपाटाच्या कडेने.

"मुरबाडकर, मी दोन दिवस लगनाला चाललोय, तुझ्याच गावाकडं. परवा वळकटी टांगलीय. तेवढं पानी शिंपडशील?"

मी हो म्हणालो.

"आनि आईला काय धाडायचं असंल तर दे. जाईन तिच्याकडं."

दुसऱ्या कोणाला सांगता आलं असतं. शेजारी भांड्यांचं दुकान होतं, पलीकडे शिंपी होता. पण नानांच्या हिशेबी बियाण्याला पाणी घालायचं तर ते बियाणं कळणाऱ्या माणसाने. आणि ते मीच होतो. मी त्यांच्या धंद्यावर टपून बसलोय, हे त्यांना दिसत नव्हतं असं नाही. पण धंदा वेगळा आणि वळकटी वेगळी असं ते धरून चालले. ही चूक करावी तर नानांनीच.

पहिल्या दिवशी मी नीट पाणी घातलं. हे मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून बघितलंय, पण त्याने काही हलकं होत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी कंपनीच्या माणसाचा फोन आला. मुरबाडचा विक्रेता पुढे गेलाय, शहापूरचा बाजार तुमच्या हातात आला तरच काही खरं आहे. मी फोन ठेवला. समोर वळकटी लटकत होती. कोपऱ्यावरच्या चहावाल्याकडे मी पितळी तांब्या घेऊन गेलो आणि उकळतं पाणी मागितलं. घसा बसलाय म्हणालो. त्याने बिचाऱ्याने दोन तुळशीची पानं टाकली.

भर दुपारच्या उन्हात मी नानांच्या दुकानापुढे उभा राहिलो आणि तो सगळा तांब्या सावकाश, वरपासून खालपर्यंत, वळकटीत जिरवला. तुळशीची पानं गोणपाटाला चिकटली, ती मी नखाने काढली. रस्त्याने जाणारे एक गुरुजी थांबून बरोबरच्या माणसाला म्हणाले, "बघा, धंद्यातला वैरी, पण शेजाऱ्याच्या वळकटीला पाणी घालतोय. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय." मी त्यांच्याकडे बघून हसलो. ते हसू मला आजही माझ्या तोंडावर जाणवतं आणि स्वतःच्या तोंडात मारून घ्यावीशी वाटते.

नाना परत आले ते हातात पिशवी घेऊन. लग्नघरापासून माझं गावचं घर सात-आठ किलोमीटर आडवाटेला, तरी हा माणूस गुडघे धरून तिथवर गेला होता. "तुझ्या आईनं करवंदाचं लोनचं दिलंय. पोरगा बारीक झालाय म्हनत व्हती." मग खिळ्याकडे बघून म्हणाले, "पानी घातलंस ना?"

"घातलं नाना."

ते लोणचं मला गेलं नाही. बायकोला म्हणालो, खारट झालंय.

बाजाराचा दिवस आला. पारूबाई ऐसपैस मांडी घालून बसली, भोवती नेहमीची माणसं. मी माझ्या काचेच्या दाराआडून बघत होतो. नानांनी सुतळी सोडली, गोणपाट उलगडलं. पारूबाई बोटाने मोजू लागली आणि थोड्या वेळाने थांबली.

"नाना, हे काय?"

"मोज."

"काय मोजू? कोंबच नाय."

नानांनी स्वतः खाली बसून मोजलं. नऊ आले. वळकटीच्या आतल्या घडीत पाणी पोचलं नसावं, त्यातले नऊ. नानांनी परत मोजलं. कोणीतरी म्हणालं, "नाना, कायतरी चूक झालीय, परत लावून बघा."

"परत लावायला सात दिस. पेरनीसाठी राब भाजून झालेत, लोकांनी थांबायचं कुठवर?" नाना उठले, खडू घेतला आणि फळीवर नऊ लिहिलं. अंक नेहमीएवढाच मोठा काढला. मग वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं बियानं खराब हाय. यंदा माझ्याकडनं कोनी भात नेऊ नका. समोर जा."

आणि त्यांनी हात केला तो माझ्या दुकानाकडे.

लोक आले. काचेचं दार उघडंच ठेवावं लागलं. पारूबाईसुद्धा आली, खाली मान घालून. मी पोती काढून देत होतो, पावत्या फाडत होतो आणि मधून मधून समोर बघत होतो. नाना फळीवरच्या त्या आकड्याकडे बघत बसले होते. थोड्या वेळाने तेही आले. रांगेत उभे राहिले. लांबच्या पाड्यांवरची चार घरं परत बाजाराला येणार नव्हती, म्हणून त्यांना नानांनी आकडा लागायच्या आधीच बियाणं दिलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा केलेला अपवाद तो. आता ते परत आणायचं होतं आणि बदली द्यायचं होतं.

"चार पोती दे," म्हणाले. "तू लावून बघितलंस ना?"

"बघितलं नाना. ब्याण्णव."

मी काहीही लावून बघितलं नव्हतं. आमच्या दुकानात खिळाच नव्हता. पण नानांनी मान हलवली, पोती एसटीवर चढवली आणि त्या उन्हात डोळखांबच्या बाजूला निघून गेले. सहासष्ट वर्षांचा माणूस चार पाडे चढून लोकांना हात जोडून सांगत होता की माझं बियाणं वाईट निघालं. आणि ते बियाणं चांगलं होतं.

माझं बियाणंही बरं उगवलं, हे सांगायला हवं. ते कुजकं निघालं असतं, लोकांनी येऊन काचा फोडल्या असत्या तर मी निदान कुठेतरी फिटलो असतो. तसं काहीच झालं नाही. सगळ्यांची खाचरं हिरवी झाली आणि मी बायकोला घेऊन विमानात बसलो. हत्तीवर बसलेला आमचा जोडीचा फोटो मी मोठा करून दुकानात लावला. नाना एकदा तो बराच वेळ बघत उभे होते. मग म्हणाले, "हत्ती चांगला हाय."

त्या पावसाळ्यानंतर दोन गोष्टी झाल्या. नानांनी बियाणं ठेवायचं बंद केलं. फक्त विळे, कोयत्या आणि दोरखंड. लोकांनी कारण विचारलं तर म्हणत, "माझी पारख गेली." दातांनी चावून, हात घालून घेतलेलं बियाणं दगा देतं म्हणजे आपल्यातच काही उरलं नाही, असा लोकांनी त्याचा अर्थ घेतला. मीही तोच घेतला. खोटं कशाला बोलू, आधी मला बरंच वाटलं होतं.

दुसरी गोष्ट म्हणजे नाना मला शेठ म्हणू लागले. मुरबाडकर गेलं, अरे-तुरे गेलं. "शेठ, बसा." "शेठ, तुमच्याकडं सुतळी हाय का?" मी त्याला बढती समजलो.

पुढच्या वैशाखात गिऱ्हाइकं मला विचारू लागली, "तुमची वळकटी कुठं हाय?" त्यांना वीस वर्षांची सवय होती. मग मी पायपुसणं उचललं, धुतलं, दाराच्या चौकटीला खिळा ठोकला. पहिली दोन वर्षं मी जाडजूड दाणे निवडून मांडायचो. आकडा कधी पंचाण्णवच्या खाली आला नाही. पुढे मात्र निवडणं सोडलं. वळकटी उलगडताना समोर नानांचं बाकडं दिसायचं म्हणून सोडलं. पण लोकांना तोवर मी प्रामाणिक वाटू लागलो होतो. कल्याणच्या त्या शालीची सुरुवात इथली.

गेल्या वर्षी चैत्रात कळलं की नाना आजारी आहेत, गावी घरीच असतात. त्यांच्या दुकानाला तोवर कुलूप लागलं होतं. मी स्कूटर काढली. वाटेत तीनदा थांबलो. या वेळी सांगायचंच असं ठरवून निघालो होतो. दहा वर्षांत असं मी किती वेळा ठरवलं, त्याला मोजदाद नाही.

नाना ओटीवर खाटेला टेकून बसले होते. चष्मा तोच. पाय सुजलेले. ओटीच्या खांबाला खिळा होता आणि त्याला वळकटी टांगलेली होती. खाली पाण्याने भरलेला तांब्या. गावातली माणसं अजून बियाणं दाखवायला आणतात, असं त्यांची सून वैशाली सांगू लागली. मी खांबाजवळच्या खुर्चीवर बसलो. चहा आला.

"तुमी समोरच्या दुकानातले ना?" वैशाली म्हणाली. "नाना नेहमी सांगतात. ते वर्ष आठवतं ना तुमाला, वळकटी गेली ते? सगळी पोती घरी आनली. टाकवेनात, म्हनून आमच्याच खाचरात पेरली नानांनी. असं भात आलं, असं भात आलं, बघनाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. मी नवी नवरी व्हते तवा. मी म्हनलं, नाना, हे तर चांगलं हाय! तर हे उठून बांधावर गेले."

ती कप घेऊन आत गेली. म्हणजे आषाढातच त्यांना कळलं होतं. बियाणं चांगलं, दात खरे, हात खरा. मग उरलं होतं फक्त पाणी, आणि पाणी घालणारा एकच होता. दहा वर्षं हा माणूस मला शेठ म्हणत होता.

"नाना," मी म्हणालो, "पाणी उकळतं होतं."

"ठाव हाय."

"तुम्ही बोलला का नाही कोणाला?"

नानांनी चष्म्याची सुतळी कानामागे सरकवली. "बोलून काय करू, शेठ? आवनी झालेली. मानसांनी तुमचंच भात लावलेलं. बियानं बरं निघालं व्हतं. त्यांच्या डोक्यात कशाला किडा सोडू?"

"पण दुकानात बियाणं ठेवणं का सोडलंत? तुमची पारख कुठे गेली होती?"

"दान्याची नाय गेली." त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "तुमाला पानी घालाया सांगितलं, ती गेली. बियानं म्हंजे रोज मानसांशीच काम. त्यांना कसं चावून बघू?"

मी खाली वाकून त्यांचे पाय धरले. त्यांनी पाय ओढून घेतले नाहीत, डोक्यावर हातही ठेवला नाही. "ऊन व्हईल, निघा आता," एवढंच म्हणाले. मला क्षमा मागायची होती, आणि ती मिळावी असंही वाटत होतं. इतकं करून वर ती मिळावी असं वाटणं हीच किती निर्लज्ज गोष्ट आहे, हे मला तिथे बसल्या बसल्या कळलं.

मी उठायच्या बेतात होतो. नानांनी वळकटीकडे बघितलं. गोणपाट वरच्या अंगाला सुकत आलं होतं. तांब्या माझ्या पायाशी होता, हात खाली केला असता तर लागला असता. माझा हात गेलाही थोडासा. नानांची नजर तांब्यावर होती.

"वैशाली," त्यांनी आत हाक मारली. आवाज पोचला नाही. त्यांनी खाटेचा काठ धरला, श्वास घेतला आणि पुन्हा, होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "वैशाली गो, वळकटीला पानी घाल."

ती भाकरीच्या पिठाचे हात पदराला पुसत बाहेर आली. मी पाय बाजूला घेतले आणि तिने तांब्या उचलला.